हिरवं कुठवर पोचलं

पुणे
२० फेब्रुवारी २०२५

ख्वाजाचाचा,

सलाम घ्या आणि नमस्कारही घ्या. वैष्णवीला फोन सोडून पत्र लिहायची हुक्की कशी काय आली, असं चाची विचारतील. कारण सोपं आहे. तुमचा फोन आबा उचलतात. दिवसभर तुमच्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायचं, तलवाड्याचं माजी सरपंचपद गेवराईत मिरवायचं, आणि तुमचे हात ऑइलने भरलेले असले की "थांब, म्या बघतो" म्हणून फोन कानाला लावायचा. मेसेज केला तर तो मोठ्याने वाचून दाखवतात. आणि मला जे बोलायचंय ते आबांच्या पाठीमागेच बोलायला हवं. म्हणून हा लिफाफा चाचींच्या नावाने घरी.

जानेवारीत आबांच्या तपासण्या केल्या तेव्हा तुम्हीच गाडी चालवत पुण्याला आला होतात. मोठ्या आतड्यातली गाठ कॅन्सरची निघाली, पण ती अजून जिथल्या तिथे आहे. आत्ता काढली तर आबा बरे होतील. उशीर केला तर मी असं छातीठोकपणे लिहू शकणार नाही. आणि आपले सरपंच काय करतात? रिपोर्ट घडी करून खिशात घालतात, "रामकिसनचंबी असंच कापलं व्हतं" म्हणतात आणि तुम्हाला गाडी काढायला लावतात. रामकिसनकाका गेले तेव्हा मी शाळेत होते. आतड्याचं ऑपरेशन नीट झालं, पाचव्या दिवशी आतला जोड सुटला आणि पुढे काही हाताला लागलं नाही. आबा तेव्हा उशाशी होते. त्यांची भीती खोटी नाही, हे मलाही कळतं.

पण चाचा, काल मी एक गोष्ट पाहिली आणि रात्रभर मला झोप नाही. आमच्याकडे एक नवा कॅमेरा आलाय, वापरून बघायला म्हणून कंपनीने मार्चअखेरपर्यंत ठेवलाय. पोटाला चार-पाच बारीक छिद्रं पाडायची, एकातून कॅमेरा आत. आमच्या सत्यशीला मॅडम ऑपरेशन करत होत्या, कॅमेरा माझ्या हातात होता. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी शिरेतून एक हिरवं औषध सोडलं, मी कॅमेऱ्याचा दिवा बदलला, पडदा काळा झाला. आणि मिनिटाभरात त्या काळ्यात एक रेघ उजळली. मग तिला फाटे फुटले, फाट्यांना फाटे, पोटातल्या रक्तवाहिन्या एकेक करून हिरव्या पेटत गेल्या. माझ्या तोंडून "अगं आई गं" निघालं. मॅडम म्हणाल्या, "कॅमेरा हलवू नकोस, मग ओरड."

तुमच्याकडे एसीची गळती शोधायची ती निळी टॉर्च आहे ना, हुबेहूब तसं. गाडीत डायचा रंग सोडता, टॉर्च मारता, हिरवं चमकतं. आमचंही तेच. आतड्याचा जोड टिकेल की गळेल, ते पोट बंद करायच्या आधीच कळतं. आमचा उजेड मात्र नुसत्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्यालाच दिसतो. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबून बघा, त्याच जातीचा उजेड.

डॉक्टर पोरीचं आबा ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील. मार्च संपायच्या आत त्यांना इथे आणा. एवढं करा चाचा, मी तुमच्या पाया पडते.

तुमची
वैष्णवी


गेवराई
२७ फेब्रुवारी २०२५

बेटा वैष्णवी,

खूप खूप दुवा. माझं मराठी झेडपीच्या शाळेतलं, त्यामुळे चुका पोटात घाल. तुझं पत्र रुकसानाने मला जेवताना दिलं आणि जेवण तिथंच राहिलं. आधी रिमोट शोधला. बटण दाबलं तर मोबाइलमध्ये जांभळा ठिपका लुकलुकायला लागला. रुकसाना म्हणाली, वीस वर्षं हा दिवा घरात आहे आणि आपल्याला पत्ता नाही.

आता आबांची गंमत ऐक. मी त्यांना सांगितलं, तुमच्या बोलेरोच्या एसीचा गॅस कमी झालाय. खरंच झाला होता, खोटं बोललो नाही. डाय सोडली, दोन दिवस गाडी फिरवू दिली. मग काल भरदुपारी शटर ओढून घेतलं. आबा म्हणाले, "कावून अंधार करायलास बे? कुणाचा खून पाडायचाय का?" मी त्यांच्या नाकावर माझा टॉर्चसोबतचा पिवळा चष्मा चढवला आणि बॉनेटमध्ये टॉर्च मारली. सगळं काळं, आणि कंडेन्सरच्या जोडापाशी हिरवागार ठिपका. आबा वाकून बघतच राहिले. म्हणाले, "तिच्या मायला, काजवा बसलाय जणू."

मी म्हणालो, "आबा, डोळ्याला हा जोड चांगला दिसत व्हता. हात लावला तरी कोरडा व्हता. पर लाइटीनं चोर धरला."

मग हळूच सांगितलं की असाच लाइट आता पोटात लावतात, पुण्यात आलाय, एसीच्या सामानवाल्याकडून कळलं. तुझं नाव घेतलं नाही. पोरीने पाठीमागून कट केला असं कळलं तर ते उलटे फिरतील, म्हणून तूही पत्रच लिहीत जा.

आबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत तो जोड बघितला. मग विचारलं, "रामकिसनच्या टायमाला हे व्हतं का रे?"

मी म्हणालो, "न्हवतं, आबा."

चहा आला, निवून गेला. निघताना गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाले, "वैष्णवीला इचारतो, कवा येऊ ते. नारायणगडाला दर्शनाची एक चक्कर मारून येतो आन् मंग मोकळा हाय."

बेटा, गाडी वळेपर्यंत मी तोंड धरून ठेवलं, मग ओरडलो. शेजारचा पंक्चरवाला धावत आला, त्याला वाटलं जॅक निसटला. रमजान दोन-तीन दिवसांवर आहे, पहिल्या रोज्यापासून आबांसाठी दुवा मागणार आहे.

तुझा
ख्वाजाचाचा


पुणे
५ मार्च २०२५

चाचा,

तुमचं पत्र मी ड्युटीवर वाचलं, वॉर्डातच हसले आणि सिस्टरांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. आबांचा काल फोन आला. अगदी सभेत बोलतात तसं म्हणाले, "आमचा निर्णय झालेला आहे." मी काहीच माहीत नसल्यासारखं "बरं" म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. १८ मार्च तारीख धरलीय. आदल्या दिवशी या.

दरम्यान इकडे अजून एक झकास ऑपरेशन झालं, आबांसारखंच. मॅडमना विचारून पडद्याचा एक फोटो छापून पाठवतेय, त्यावर पेशंटचं नावगाव काही नाही. बघा तरी. आतडं कसं हिरवंगार उजळलंय, एवढासुद्धा भाग सुटलेला नाही. फक्त एका टोकाला थोडं काळं दिसतंय ना, तेवढं मॅडमनी कापून टाकलं, हिरवा भाग ठेवला आणि तिथेच जोड केला. परत औषध सोडून बघितलं तर जोडासकट सगळं हिरवं. मॅडम सहसा कौतुक करत नाहीत, पण काल म्हणाल्या, "असं पाहिजे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी कॅमेरा धरला होता म्हणून मला वाजवता आल्या नाहीत.

फोटो आबांना नक्की दाखवा. कुठून आणला विचारलं तर सामानवाल्याचंच नाव सांगा.

वैष्णवी


गेवराई
१० मार्च २०२५

बेटा वैष्णवी,

पत्र मिळालं. फोटोही मिळाला.

रोजे चालू आहेत. एसीचा सीझन लागलाय, हायवेच्या गाड्या रांगेत उभ्या आहेत. आबांच्या बोलेरोचा गिअरबॉक्स उतरवावा लागला, पार्ट संभाजीनगरहून यायचाय. १८ तारखेला जमेल असं वाटत नाही. मला वाटतं एवढी घाई करू नये. उन्हाळा जाऊ दे. आयुर्वेदाचे एक चांगले वैद्य आहेत म्हणतात, तेही बघू.

त्या फोटोतले पेशंट कसे आहेत, तेवढं कळव.

ख्वाजा


पुणे
१४ मार्च २०२५

चाचा,

हे पत्र तुम्हीच लिहिलंय का? मी तीनदा वाचलं. उन्हाळा जाऊ दे? गाठ काय मे महिन्याच्या सुट्टीवर जाणार आहे? आणि वैद्य? तुम्ही, ज्यांनी शेजाऱ्याच्या गाडीला चुकीचं कूलंट घातलं म्हणून त्याच्याशी महिनाभर बोलणं सोडलं होतं, ते तुम्ही असं लिहिता?

मला कळलंय काय झालं ते. आबांनी कच खाल्ली आणि तुम्हालाही फितवलं. गिअरबॉक्सचं कारण त्यांनीच सुचवलं असणार. गाडी नाही तर एसटी आहे, ट्रॅव्हल्स आहेत. निवडणुकीला माणसं आणायला रात्रीतून दहा जीप मिळतात, मग पुण्याला यायला एक मिळत नाही? मी आबांना फोन केला तर म्हणतात, "ख्वाजा म्हणतोय गाडी व्हईना." तुम्ही एकमेकांच्या आड लपताय.

पेशंटबद्दल मला जास्त लिहिता येत नाही, तसा आमचा नियम आहे. फोटो पाठवला हेच पुष्कळ झालं.

मॅडमनी तारीख २६ केलीय. ती शेवटची. महिनाअखेरीला कॅमेरा परत जातोय. ऑपरेशन त्याच्याशिवायही होतं, रोज होतात, पण आबा ज्या गोष्टीला घाबरतात ती डोळ्यांनी बघून टाळायची संधी समोर असताना ती मी का सोडू? मी लहान असताना ब्रेक निकामी झालेल्या ट्रकखाली तुम्ही झोपून काम करायचात, तेव्हा मला वाटायचं की ख्वाजाचाचा कशालाच घाबरत नाहीत. मला रागही आलाय आणि वाईटही वाटलंय.

वैष्णवी


गेवराई
१७ मार्च २०२५

वैष्णवी बेटी,

मी रुकसानाचाची. अंगणवाडीतलं रजिस्टर सोडून मी कधी काही लिहिलं नाही, पण फोनवर बोलले असते तर मला रडू आलं असतं, म्हणून लिहितेय.

आबांनी कोणाला फितवलं नाही. जे काही चाललंय ते तुझ्या चाचांचं आहे. तुझा तो फोटो आल्यापासून हा माणूस धड जेवत नाही. रोजा सोडायला खजूर हातात घेतात आणि तसेच बसतात. फोटो आबांना दाखवला नाही, पिवळ्या चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलाय. आणि गिअरबॉक्सला काहीही झालेलं नाही. आबा कुठे जाऊ नयेत म्हणून चांगला गिअरबॉक्स खाली उतरवून ठेवलाय.

काल मी डबीतून फोटो काढून समोर धरला आणि म्हटलं, बोला. तेव्हा बोलले. जसं बोलले तसं लिहिते. "सगळं आतडं गळायलंय, रुकसाना. हितून तितवर हिरवं. एवढी गळती म्या जन्मात न्हाई बघितली. आन् ह्यांनी काय केलं, जेवढं काळं व्हतं, चांगलं व्हतं, तेवढं कापून फेकलं. गळकं ठिवलं, त्याला जोड मारला, आन् वरून टाळ्या वाजवल्या. ते पेशंट मेलं असंल. पोरगी सांगंना. तिला इचारलं तर म्हनती नियम हाय. म्या माझ्या हातानं आबाला तिकडं धाडू का?"

बेटी, मला यातलं कळत नाही. तू खोटं बोलणार नाहीस एवढं कळतं. तर हे काय आहे ते नीट सांग. आबा बिचारे रोज येऊन उघड्या गाडीकडे बघतात आणि जातात.

रुकसाना


पुणे
१९ मार्च २०२५

चाचा, माझे लाडके वेडे चाचा,

चाचींचं पत्र आलं आणि मी आधी हसले, मग रडले, मग मला माझाच राग आला. तुम्हाला लगेच फोन केला. आबांनी उचलला. "ख्वाजाचे हात भरलेत. गिअरबॉक्स उघडलाय. तू बोल." मी काय बोलणार, कपाळ? मग चाचींना केला, तर त्या म्हणाल्या, "तोंडी सांगितलेलं त्यांच्या टाळक्यात राहत नाही. चित्र काढून पाठव." म्हणून हे चित्र. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ देतेय, एसी तुमच्याकडेच भरून घेतो म्हणाला.

चूक माझी. तुमच्या टॉर्चची उपमा मीच दिली आणि अर्धीच दिली. तुमच्या गाडीत पाइप धातूचा. डाय आत असते तोवर दिसत नाही, बाहेर आली की टॉर्चमध्ये चमकते. म्हणून तुमच्याकडे हिरवं म्हणजे गळती, बरोबर?

आमच्याकडे पाइप मांसाचा. आमचा उजेड त्याच्या भिंतीतून आरपार जातो. औषध रक्तात मिसळलेलं असतं, रक्त जिथवर जातं तिथवर तेही जातं, आणि कॅमेऱ्याला ते आतल्या आत, वाहताना दिसतं. बाहेर एक थेंब आलेला नसतो. म्हणजे हिरवं आहे तिथे रक्त पोचलंय, जिवंत आहे. काळं आहे तिथे रक्त पोचलेलं नाही. त्या काळ्या भागाला जोड मारला तर तो भरून येत नाही, चार-पाच दिवसांनी सुटतो. रामकिसनकाकांचं तसंच झालं असावं. साध्या उजेडात दोन्ही भाग सारखेच गुलाबी दिसतात, हाच सगळा घोळ आहे.

म्हणून मॅडमनी काळं कापलं आणि हिरवं ठेवलं. मला मॅडमकडून परवानगी मिळालीय एवढंच लिहायची: फोटोतलं पेशंट आपल्या पायांनी घरी गेलंय आणि जाताना त्याने आम्हाला पेढे दिले.

चित्रात वरची गाडी तुमची, खालचं आतडं आबांचं. आतडं जरा पडवळासारखं झालंय, माफ करा.

तुम्ही इतके दिवस हे एकटे पोटात घेऊन बसलात, रोज्यात, आणि मी तुम्हाला वाट्टेल ते लिहिलं. भेटल्यावर कान धरा. पण आधी तो गिअरबॉक्स बसवा. २६ तारीख.

वैष्णवी


गेवराई
२२ मार्च २०२५

वैष्णवी बेटा,

ड्रायव्हरने पत्र दिलं तेव्हा मी गाडीखाली होतो. तिथेच झोपून वाचलं. चित्र छातीवर ठेवून किती वेळ पडून होतो, मला माहीत नाही. ड्रायव्हर पाय हलवून बघत होता.

पण खरं सांगतो, मनातून अजून फिटलं नव्हतं. सगळा जन्म हिरवं म्हणजे बिघाड असं बघत आलेला माणूस मी, एका चित्राने कसा फिरेन? म्हटलं, आबांना काही न सांगता फोटो दाखवू, बघू काय म्हणतात. मोटारसायकल काढली आणि तलवाड्याला गेलो. कालव्याच्या पाण्याची त्यांची पाळी होती, आबा उसाच्या बांधावर उभे होते. मी फोटो हातात दिला. म्हणालो, "आबा, हे काय हाय सांगा."

आबांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. मला वाटलं विचारतील, हे कुठलं. त्यांनी विचारलंच नाही. बोटाने दाखवत म्हणाले, "हितवर पाणी पोचलंय. फुडं न्हाई, टेल कोरडी हाय, शेवटचं टोक." मग त्याच बोटाने समोरचा ऊस दाखवला. तोंडाशी हिरवागार, शेवटच्या पाच-सात ओळी करपलेल्या. "हे बघ. तसंच हाय की. आन् हे कुणाचं रान हाय?"

मी म्हणालो, "आबा, हे रान न्हाई. आतडं हाय."

मग बांधावर बसून सगळं सांगितलं. तुझी पत्रं, फोटो, माझी भीती, सगळं. गिअरबॉक्सचंही सांगितलं. वाटलं आता शिव्या बसणार. आबा म्हणाले, "तो चांगला हाय हे मला पयल्याच दिवशी कळलं. धा वर्सं चालवतो ती गाडी."

"मंग बोलला कावून न्हाई?"

"मलाबी भ्या वाटायलं व्हतं, ख्वाजा. तू गाडी खोलून बसलास, बरं झालं वाटलं. माझ्या तोंडून न्हाई म्हनायची पाळी आली न्हाई."

दोघंही पाण्याकडे बघत बसलो. मग आबा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चल बे. चढव तो गिअरबॉक्स. टेलला पाणी येतंय का न्हाई ते बघायला कुणीतरी पायजे ना मागं उभं?"

काल दोघांनी मिळून बसवला. आबांनी पाने दिले, एकही धड दिला नाही. २५ ला निघतोय. तुझी आई बरोबर आहे, मी चालवणार आहे. रोजा प्रवासात सोडीन. आणि हो, आबांना तुझ्या कटाचा राग आलेला नाही. म्हणाले, "पोरगी माझ्यावर गेली."

ख्वाजाचाचा


पुणे
२८ मार्च २०२५

रुकसानाचाची,

चाचा फोनवर तुम्हाला "सगळं ठीक" एवढंच सांगतात, म्हणून मी लिहितेय. तुम्ही ते पत्र लिहिलं नसतंत तर आज यातलं काहीच झालं नसतं.

परवा आबांना आत घेतलं. मॅडमनी मला हात लावू दिला नाही, पेशंटची मुलगी म्हणून. पडद्याजवळ उभी राहा, बोलायचं नाही, असं बजावलं. गाठीचा भाग मोकळा केला. आतडं छान गुलाबी दिसत होतं. मॅडमनी जोडायची जागा ठरवली, यंत्र हातात घेतलं, मीही असते तर तिथेच जोडलं असतं. मग म्हणाल्या, "औषध द्या."

पडदा काळा. चाची, माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं. वाटलं औषध गेलंच नाही. आणि मग वरच्या कोपऱ्यातून ती रेघ आली. आली, फुटली, पसरली, माझ्या आबांच्या रक्ताची वाट हिरवी होत माझ्या डोळ्यांसमोर सरकत गेली. सरकत सरकत मॅडमच्या जागेकडे निघाली आणि चार बोटं अलीकडे थांबली. मी वाट बघितली. मॅडमनी वाट बघितली. पुढे आलीच नाही. जिथे जोड होणार होता तिथे काळंच.

मॅडमनी दिवा साधा केला, तीच जागा परत गुलाबी, निरोगी दिसायला लागली. परत बदलला, परत काळी. मग यंत्र बाजूला ठेवलं, आतडं अजून थोडं मोकळं केलं आणि चार बोटं वर, हिरव्यात आणून जोड केला. पुन्हा औषध दिलं. या वेळी हिरवं आलं, जोडापर्यंत आलं, जोड ओलांडून पलीकडे गेलं. मला बोलायची परवानगी नव्हती म्हणून मी स्वतःचा हात चावला.

बाहेर चाचा भिंतीला पाठ लावून उभे होते, हातात तसबीहची माळ. मी मास्कसुद्धा काढला नाही. म्हटलं, "हिरवं आहे." चाचा तिथेच खाली बसले. मग आईला म्हणाले, "भाभी, हिरवं हाय, हिरवं." आईला काही कळलं नाही, पण तीही रडायला लागली.

आता एकच. आबांच्या मनात पाचवा दिवस आहे. तो येतोय ईदच्या दिवशी. चाचा म्हणतात, तो दिवस बघूनच घरी येईन. ईदला घरचा माणूस मी अडवून ठेवला, मला माफ करा.

वैष्णवी


पुणे
१ एप्रिल २०२५

सौ. रुकसानाभाभी यांस सुंदररावांचा, म्हणजे तुमच्या आबांचा, नमस्कार, आणि ईद मुबारक, एक दिवस उशिराने.

मी पलंगावर बसून हे लिहितोय. पोरगी म्हणत होती मी लिहिते, पण तिचं लिहिणं फार झालं. या घरात मला न सांगता एवढा पत्रव्यवहार झाला, आता एक पत्र माझंही असू द्या.

तुमच्या नवऱ्याने काल पुण्यात नमाज पढली. नवा कुर्ता तुमच्याकडे राहिला, म्हणून माझा सदरा घालून गेला. तो त्याला गुडघ्यापर्यंत येतो. परत येऊन माझ्याजवळ बसला तो उठलाच नाही. मी म्हणालो, "ख्वाजा, ईद हाय, जा कुठंतरी, चांगलंचुंगलं खा." तर म्हणतो, "आज न्हाई."

तुम्हाला माहीत आहे, रामकिसन पाचव्या दिवशी सकाळी माझ्याशी हसत बोलत होता आणि दुपारी त्याला ताप भरला. काल दुपारी मी डोळे मिटून पडलो होतो. झोपलो नव्हतो. सिस्टर येऊन ताप बघून जायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचो. वैष्णवी कामाचं निमित्त काढून दारातून डोकावायची. इतकी वर्षं मी मनात धरून होतो की माझ्या भावाच्या वेळी कुणाचा तरी हात चुकला. आता वाटतं, हात नसेल चुकला. टेल कोरडी असेल, कुणाला दिसली नसेल. हे कळायला मला स्वतःचं पोट उघडावं लागलं, पण कळलं ते बरं झालं. मन हलकं झालं.

दिवेलागणीला सत्यशीला मॅडम आल्या. पोट दाबून बघितलं, जीभ बघितली आणि म्हणाल्या, "सरपंच, धोक्याचा दिवस मागे पडला. सकाळी खीर खा, दोन चमचे." तो कॅमेरा त्याच वेळी खोक्यात भरून चालला होता. मी कंपनीच्या माणसाला बोलावून घेतलं आणि सांगितलं, हा बीडला कधी आणता ते बोला. तो हसला. त्याला वाटलं पेशंट भ्रमात आहे. मी बरा होऊन त्याच्या मागे लागलो की त्याला कळेल.

आणि आता तुमच्या नवऱ्याचं सांगतो, म्हणजे तो घरी आला की तुम्ही त्याला विचाराल. मॅडम गेल्यावर त्याने दार लावलं, पडदा ओढला आणि लाइट घालवली. मी म्हणालो, "कावून अंधार करायलास बे?" तर पिशवीतून त्याची ती निळी टॉर्च निघाली. गेवराईहून कपड्यांत गुंडाळून आणली होती, कुणाला न सांगता. पिवळा चष्मा डोळ्यावर चढवला, माझा सदरा वर केला आणि पोटावर टॉर्च मारली. पांढरी चादर निळी चमकली, पट्ट्या निळ्या चमकल्या. तो वाकून एकेक पट्टी बघत होता, बॉनेटमध्ये बघतो तसा, कडेकडेने, सावकाश. मी श्वास धरून पडलो होतो.

मग चष्मा काढला. डोळे पुसले. म्हणाला, "आबा, कुठंच हिरवं न्हाई."

भाभी, हसून हसून माझे टाके दुखले. वैष्णवी धावत आली, तिला वाटलं काहीतरी झालं. शिरखुर्म्याचे दोन चमचे माझ्या नावाने बाजूला ठेवा.

सुंदरराव